घरच्या चौकशीचा राग मानू नका

प्रश्न : आम्ही बार्शी तालुक्यातले. मुलगा चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. पगार सोळा हजार. सून पहिलटकरीण. तिचा रक्तदाब फार वाढल्यामुळे तिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करावे लागले आणि सव्वा किलोची मुलगी झाली. पुण्यात एका ट्रस्टच्या रुग्णालयात बाळाला काचेत ठेवून आज नऊ दिवस झाले. माझे गंठण गहाण ठेवून अनामत भरली. परवा तिथल्या समाजसेविका बाईंनी मुलाला बोलावून पगार किती, जमीन कोणाच्या नावावर, घरात कोण कोण, सून कुठे राहते, रोज कोण येते, असे अर्धा तास विचारले. ‘आपण काय भीक मागायला आलो आहोत का,’ म्हणत तो मध्येच उठून आला. सून सध्या हडपसरला तिच्या मावशीकडे आहे. बाळंतिणीने सव्वा महिना बाहेर पडू नये म्हणून तिला रुग्णालयात नेत नाही. ती सारखी रडते, जेवत नाही, दूधही आटत चालले आहे. गावाकडचे म्हणतात, आठव्या महिन्यातले मूल जगत नाही, त्यातून मुलगी, कशाला कर्ज करता, घरी घेऊन या. मला माझी नात हवी आहे. त्या बाईंना घरचे सगळे सांगावे का? त्यामुळे बाळाच्या उपचारांत काही उणे तर पडणार नाही ना?
— एक आजी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे उत्तर लांबवणे योग्य नव्हते, म्हणून ‘उद्याच त्या बाईंना भेटा आणि सुनेला सोबत न्या’ एवढे मी त्याच दिवशी कळवले होते. तसे का म्हटले, ते येथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखीच वेळ आलेली इतरही कुटुंबे हे सदर वाचत असतील.

तुमच्या मुलाला ज्या बाई भेटल्या त्यांच्या पदाला सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात आणि ट्रस्टच्या किंवा खासगी रुग्णालयांत नुसते ‘मेडिकल सोशल वर्कर’. हे पद आजकाल निघालेले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातील पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, असे या व्यवसायाच्या इतिहासात नोंदलेले आहे. आज आपण जिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो ती समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था त्याआधी दहा वर्षे, १९३६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती. मी स्वतः उमेदीची वर्षे याच कामात घालवली असल्यामुळे माझे मत थोडे त्या बाईंच्या बाजूने झुकलेले वाटेल, पण एका बाबतीत त्या चुकल्या, हे आधीच सांगते. उपचारांच्या खर्चाने आणि काळजीने पिचलेल्या माणसाला घरच्या उत्पन्नाविषयी प्रश्न विचारण्यापूर्वी हे प्रश्न कशासाठी आहेत, हे दोन वाक्यांत सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे तुमच्या मुलाला ती झडती वाटली. शेकडो खाटांमागे एखाददुसरी समाजसेविका असल्यामुळे असे घडते, हे कारण खरे असले तरी ते तुमच्या मुलाने समजून घ्यावे, अशी अपेक्षा त्या क्षणी करता येत नाही.

आता त्या प्रश्नांमागची कारणे त्यांच्या वतीने मी सांगते.

पगार आणि जमीन यांची चौकशी धर्मादाय योजनेसाठी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना मंजूर केली. त्या योजनेनुसार अशा रुग्णालयाला आपल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. सध्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन ठरतो आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात मोडतो. तुमच्या मुलाचा पगार महिना सोळा हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार होतो. तो पहिल्या मर्यादेच्या थोडा वर आहे, परंतु कोरडवाहू शेतीचे उत्पन्न धरले तरी दुसऱ्या मर्यादेच्या बराच आत राहण्याची शक्यता आहे. तेव्हा बिल पूर्ण माफ होईल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. मात्र सवलत मागणे हा तुमचा हक्क आहे आणि तो मागण्यात कमीपणा नाही. ज्या ट्रस्टला धर्मादाय म्हणून करांत आणि इतर बाबतींत सवलती मिळतात, त्याने त्या बदल्यात समाजाला देणे असलेली ही गोष्ट आहे. याच योजनेत असेही म्हटले आहे की तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे आणि तो स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत. तुमची अनामत भरून झाली आहे. तिची पावती जपून ठेवा आणि त्या बाईंना दाखवा.

मुलगा कुठे कामाला आहे, या प्रश्नामागे आणखी एक कारण असते, आणि ते बहुतेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या आणि महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला, त्याची आस्थापना कायद्याच्या कक्षेत येत असेल तर, कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू असतो. कामगाराच्या वेतनातून त्यासाठी पाऊण टक्का कापला जातो. सोळा हजारांवर ही रक्कम १२० रुपये होते. पगाराच्या चिठ्ठीत अशी कपात दिसत असेल तर पत्नी आणि मूल यांच्या उपचारांसाठी एक वेगळीच वाट मोकळी आहे, पण ती ईएसआयच्या दवाखान्यातून किंवा रुग्णालयातून रेफर चिठ्ठी घेऊन जाते, म्हणून ती आधी विचारावी लागते. दर महिन्याला पैसे कापले जात असूनही आपण विमाधारक आहोत, हे ठाऊक नसलेले बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. मुलाला चिठ्ठी शोधायला सांगा. ठेकेदार चिठ्ठी देत नसेल तर तेही त्या बाईंना सांगा.

शिधापत्रिकेचे तसेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत झाले आहे आणि ते आता विशिष्ट रंगाच्या कार्डापुरते राहिलेले नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता उपचारांचाही तिच्यात समावेश आहे. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर अजून चढलेले नसणारच; अशा वेळी जन्माचा दाखला, आईवडिलांपैकी एकासोबतचा बाळाचा फोटो आणि आईवडिलांची शिधापत्रिका यांवर काम चालते. मात्र दोन अटी आहेत. रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते आणि उपचारांना योजनेकडून मंजुरी घ्यावी लागते. यादीतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. तो सापडला नाही तर १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. तुमच्या मुलाचे नाव गावच्या, सासऱ्यांच्या कार्डावर आहे की त्याने चाकणला वेगळे कार्ड काढले आहे, सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी होऊन तुमच्याकडे लागले आहे की नाही, असल्या बारीक गोष्टींवर अर्ज अडतात. घरात कोण कोण, हा प्रश्न यासाठीही होता.

तेव्हा गावाकडे कोणीतरी उद्याच तहसील कार्यालयाच्या सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करावा, कारण तो हातात यायला दिवस लागतात आणि बाळाचे बिल रोज वाढते. जन्माची नोंद रुग्णालय स्वतः पाठवते, पण त्यात आईवडिलांची नावे आधारकार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर लिहिली आहेत ना, हे मुलाने पाहून घ्यावे. बाळाचे नाव ठरलेले नसले तरी नोंद होते. नाव नंतर घालता येते. बारसे होईपर्यंत दाखला अडवून ठेवण्याचे कारण नाही. धर्मादाय सवलत, ईएसआय आणि जन आरोग्य योजना यांपैकी काहीच जुळले नाही तर काही देवस्थाने आणि न्यास रुग्णांना मदत करतात. मुंबईचा सिद्धिविनायक मंदिर न्यास त्यांतला एक. त्यांचे अर्ज कसे भरायचे आणि कोणती कागदपत्रे लावायची, हेही बहुतेक वेळा समाजसेविकेलाच ठाऊक असते. आणि उत्पन्न लपवू नका. तलाठ्याच्या दप्तरात असलेली जमीन आपण तोंडी नाकारली तर पुढचे सगळेच खोटे ठरते.

उपचारांत उणे पडेल, ही तुमची भीती मी पूर्वीही पुष्कळांकडून ऐकली आहे. अतिदक्षता विभागात मोफतवाल्यांचा एक कोपरा आणि पैसेवाल्यांचा दुसरा, अशी विभागणी मी कामाच्या काळात पाहिलेली नाही. तोच वॉर्मर, त्याच परिचारिका, तेच डॉक्टर. सवलत बिलावर लागते. तरीही एखाद्या औषधासाठी किंवा तपासणीसाठी तुम्हाला टाळले जात आहे, असे वाटले तर आधी त्याच बाईंकडे आणि तिथे दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.

पैशाविषयी इतके लिहिले, कारण घरात भांडण त्यावरून झाले आहे. पण मला स्वतःला तुमच्या पत्रातली सर्वांत जास्त काळजीची ओळ वेगळी वाटली : सून हडपसरला आहे आणि तिला बाळाकडे नेत नाही. समाजसेविकेने ‘सून कुठे राहते, रोज कोण येते’ असे विचारले ते बहुधा याच काळजीपोटी. दिवसाआड एकटा बाप येतो आणि आई दिसत नाही, अशा बाळाविषयी त्या विभागातल्या सर्वांनाच काळजी वाटते, आणि आई का येत नाही, हे शोधण्याचे काम समाजसेविकेकडे येते.

ताई, तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळासाठी आईचे दूध हे नुसते अन्न नव्हे. अशा बाळांचे आतडे कोवळे असते. त्याला सूज येऊन ते खराब होण्याचा जो गंभीर आजार मुदतपूर्व बाळांना होतो, त्याचा धोका आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना कमी असतो. बाळ अजून ओढून पिऊ शकत नसेल, तर तेच दूध नळीतून थोडे थोडे दिले जाते. म्हणून दूध आटू देऊ नये. दूध न काढल्यामुळे आटते. पोट भरून जेवत नाही म्हणून नव्हे आणि सुनेच्या अंगात दूधच नाही म्हणूनही नव्हे. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा, हाताने किंवा पंपाने दूध काढायचे असते. रात्रीची एक वेळही चुकवायची नसते. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही आणि आई खचते, पण नऊ-दहा दिवसांनी सुरू केले तरी दूध परत वाढू शकते. कोणत्या भांड्यात काढायचे, किती वेळ ठेवायचे, हडपसरहून बर्फाच्या डब्यात कसे आणायचे, हे विभागातल्या परिचारिकेकडून शिकून घ्या आणि ती सांगेल तेच करा. तोवर बाळासाठी मातृदुग्धपेढीतले दूध मिळू शकते का, हे डॉक्टरांना विचारा. आशियातील अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. पुढे पुण्यासह अनेक शहरांत अशा पेढ्या निघाल्या.

दुसरी गोष्ट कांगारू पद्धतीची. बाळाला केवळ लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवायचे, एवढीच ती पद्धत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस, काचेच्या पेट्या पुऱ्या पडत नव्हत्या म्हणून ती सुरू झाली. पुढे भारतासह पाच देशांतील मोठ्या अभ्यासात असे दिसले की कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, ती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता, असे धरले तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांना दिवसातून आठ ते चोवीस तास ही जवळीक मिळावी, अशी शिफारस केली. तुमच्या नातीला ती कधी द्यायची, हे तिचा श्वास आणि प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतील. तुम्ही विचारायचे मात्र आजच. आणि ही पद्धत फक्त आईसाठी नाही. बाप धरू शकतो, आजीही धरू शकते. सुनेच्या टाक्यांना त्रास होईल त्या वेळी तुम्ही स्वच्छ अंघोळ करून, हात धुऊन, बांगड्या-अंगठ्या काढून नातीला छातीशी घेऊ शकता. ‘मला माझी नात हवी आहे’ असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. सरकारी नवजात विभागांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर आईवडिलांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घ्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या रुग्णालयाचे भेटीचे नियम कडक असतील, पण आईला जास्त वेळ बसता यावे, रात्री जवळपास थांबण्याची सोय व्हावी, यासाठी विभागप्रमुखांकडे शब्द टाकण्याचे काम समाजसेविका करू शकते.

सव्वा महिन्याचा प्रश्न उरतो. बाळंतिणीने घरात राहावे, या रीतीमागे तिला विश्रांती मिळावी आणि बाहेरचे आजार बाळाला लागू नयेत, हा हेतू होता. पण ती रीत आई आणि बाळ एकाच खोलीत आहेत, असे धरून चाललेली आहे. येथे बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे असताना तीच रीत पाळली तर तिचा मूळ हेतूच राहत नाही. तिला बसने धक्के खात न्यायचे नाही. रिक्षाने न्यावे, खुर्चीवर बसवावे, वेळेवर डबा द्यावा, दुपारी पाठ टेकू द्यावी. पाचवीचे पूजन राहिले असेल तर बाळ घरी आल्यावर करता येईल. घरातील कोणाला हे पटत नसेल तर त्यांना माझे नाव सांगून माझ्यावर राग काढायला सांगा.

सुनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरात सर्वांना ठाऊक असली पाहिजे. ज्या रक्तदाबामुळे तिला लवकर बाळंत करावे लागले, त्याचा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही. पुढचे सहा आठवडे तो राहतो. तिचे डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, धाप लागली किंवा पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर ‘उन्हात गेली असेल’ म्हणून थांबू नका, त्याच तासाला डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू असतील तर त्या चुकवू देऊ नका.

ती सारखी रडते, याचे दोन अर्थ असू शकतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मन हळवे होते आणि ते बहुधा आपोआप निवळते. पण रडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, बाळाविषयी बोलणेच तिने टाळले, संधी असूनही झोप लागली नाही, ‘माझ्यामुळेच हे झाले’ हे पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार तिने बोलून दाखवला तर दिवस मोजत बसू नका. तिला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. समाजसेविकेने सुनेला भेटायला बोलावले तर ते याही कारणाने असेल. त्या वेळी तुम्ही बाहेर बसावे, अशी माझी विनंती आहे. सासूसमोर सून मोकळी बोलत नाही, मग सासू कितीही मायेची असो.

तुम्ही उपास करायला लावले म्हणून, ती सातव्या महिन्यात प्रवासाला गेली म्हणून, तिने मोबाइल पाहिला म्हणून रक्तदाब वाढला, अशी बोलणी घरात होत असतील तर ती आजच थांबवा. हा आजार गर्भधारणेत वारेच्या (प्लॅसेंटाच्या) रक्तवाहिन्यांपासून सुरू होतो. तो कोणाच्या वागणुकीची शिक्षा नाही. घरात हे ठामपणे सांगण्याचा अधिकार तुम्हालाच आहे आणि तुमच्या तोंडून ते ऐकले तर सुनेला मिळणारा धीर माझ्या सदरातून मिळणार नाही.

आता तुमचा मुलगा. तो रोज एकटा जातो, डॉक्टर जे सांगतात ते एकटा ऐकतो, त्यातले अर्धे त्याला कळत नाही आणि कळलेल्यातले अर्धे तो बायकोपासून आणि तुमच्यापासून लपवतो. शिवाय रोज ठेकेदाराकडे सुट्टीसाठी हात जोडतो. त्याचा त्या बाईंवरचा राग बऱ्याच अंशी याच ओझ्याचा आहे, असे मला वाटते. यापुढे डॉक्टरांचे बोलणे ऐकायला दोघांनी जावे. एक वही ठेवावी आणि तीत रोज बाळाचे वजन, ऑक्सिजन किती लागतो, दूध किती मिलिलिटर दिले, कोणते औषध सुरू किंवा बंद झाले, हे लिहावे. न कळलेला शब्द पुन्हा विचारावा. आठवड्यातून एकदा सर्व घराला डॉक्टरांनी एकत्र बसवून सांगावे, अशी बैठक समाजसेविकेकडून ठरवून घेता येते, आणि हे काम ती बिलाच्या कामाइतकेच मनापासून करते.

‘आठव्या महिन्यातले मूल जगत नाही’ हे खरे नाही. बाळ गर्भात जितके जास्त आठवडे राहते तितकी त्याची फुप्फुसे आणि मेंदू पिकतात, म्हणून आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा अधिक सावरलेले असते. चांगल्या नवजात विभागात तिसाव्या आठवड्याची, सव्वा किलोची बहुसंख्य बाळे जगतात. तुमच्या नातीचे काय होईल, हे मी येथून सांगू शकत नाही. तिच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ते सांगतील. आणि ‘त्यातून मुलगी’ हे वाक्य ज्यांनी उच्चारले त्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नका. त्यांना बिल भरायचे नाही आणि बाळही सांभाळायचे नाही.

पण ‘घरी घेऊन या’ हा सल्ला फार धोक्याचा आहे. डॉक्टरांचा विरोध असताना स्वतःच्या जबाबदारीवर सही करून नेलेल्या अशा बाळाला वाटेतच थंडी भरते, श्वास थांबतो, साखर उतरते. पैसे खरोखरच संपले आणि वर सांगितलेल्यांपैकी काहीच लागू झाले नाही, तर बाळाला घरी न नेता सरकारी रुग्णालयात हलवण्याविषयी विचारा. सरकारी आरोग्य संस्थांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळांचे उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. २०११ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ही सोय जन्मानंतर ३० दिवसांपर्यंत होती, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढवली गेली. पुण्यात ससून आहे, सोलापुरात सर्वोपचार रुग्णालय आहे. मात्र तिथे जागा आहे, हे एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून पक्के करावे, बाळाला ऊब आणि प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतूनच न्यावे, आणि उपचारांचा सारांश लेखी सोबत असावा. ही जुळवाजुळव समाजसेविका करून देते. ती हातात पैसे उरलेले असताना, शांतपणे केली तर नीट होते. बिल थकल्यावर रात्री दहाला केली तर होत नाही.

शेवटची एक तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात आणि त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी कायमची जाऊ शकते. वेळेत सापडले तर उपचाराने ती वाचते. म्हणून जन्मापासून चार आठवडे होताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी झाली पाहिजे, आणि ते सांगतील त्या अंतराने पुन्हा पुन्हा झाली पाहिजे. बाळ तोवर रुग्णालयातच असेल तर तपासणी तिथेच होईल. आधी घरी सोडले तर सुटीच्या कागदावर तपासणीची तारीख आणि जागा लिहून घेतल्याशिवाय निघू नका. बार्शीहून पुण्याला येणे परवडणार नसेल तर सोलापुरात किंवा जवळपास ही तपासणी कुठे होते, हे त्याच बाईंना विचारा. कानांची तपासणीही त्याच वेळी मागून घ्या. गावच्या आशाताईंना बाळ केव्हा येणार, हे आधी कळवा, म्हणजे त्या घरी येऊन वजन पाहतील. आणि घरी आल्यावर गुटी, मध, काजळ, कानात तेल आणि शेगडीची धुरी यांतले काहीही नको. त्याबद्दल कोणी बोलले तर डॉक्टरांनी मनाई केली आहे, एवढेच सांगा.